डब्याला दाखवलेलं ऊन

दादानं आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली आणि ती मला देता आली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना कुणी उगाच आशा लावून बसायला नको. मी बसलो होतो, तेवढं पुरे आहे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पळसदरीच्या अलीकडे आमचं गाव, तिथे त्याची भातशेती आहे. पण पंचक्रोशीत त्याला शेतकरी म्हणून कुणी ओळखत नसे. तो ढोलकीवाला. आमच्या गावच्या बेंजो पार्टीत तो ढोलकीला असायचा आणि कर्जतपासून खालापूरपर्यंत हळदीची सुपारी द्यायला आलेले लोक आधी विचारायचे, "ढोलकीला तो हाय ना? मंग लिवा तारीख." बाकीचे वाजवणारे त्याच्यावर जळायचे आणि त्याच्याच जिवावर जेवायचे.

मग पॅडची टूम आली. काठीनं मारायचे रबरी पॅड आणि त्यातून निघणारे तऱ्हेतऱ्हेचे आवाज. परदेशी संच पार्टीला परवडण्यासारखा नव्हता. खोपोलीत एक टीव्ही दुरुस्त करणारा होता, त्याला सर्किटांचं वेड. त्यानं पत्र्याचा एक राखाडी डबा बनवला. पॅडवर काठी पडली की डब्यातून आवाज निघायचा, आणि तो आवाज त्यानं बाहेरून आणला नाही. दादाला दुकानात बोलावलं, भिंतींना गाद्या टेकवल्या, माईक लावला आणि ढोलकीचा एकेक ठोका सुटासुटा वाजवून घेतला. शाईच्या बाजूची टीप, दुसऱ्या बाजूचा घुमारा, अंगठा घासत नेऊन काढलेला तो हुंकार. दिवसभर हेच. त्यातले आठ ठोके निवडून त्यानं आठ चिपांमध्ये भरले. दादा घरी आला तेव्हा बोटं सुजली होती आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "माजा हात डब्यात ठेवून आलो," असं तो गावभर सांगत सुटला.

पुढे काही वर्षांनी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. जीभ सुधारली, पाय सुधारला, उजवा हात मात्र तसाच लोंबत राहिला. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले, कुणीतरी तेल सांगितलं, वहिनीनं दोन्ही केलं. हाताला काही फरक पडला नाही. दादानं ढोलकी देवळातल्या भजनी मंडळाला देऊन टाकली. डबा तेवढा पार्टीकडून मागून घेतला आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवला. त्यांच्याकडे नवे पॅड आले होते, त्यामुळे त्यांनीही खळखळ केली नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा वाजवणारा माणूस, त्याचं रेकॉर्डिंग कुठे ना कुठे असेलच. मलाही तसंच वाटलं होतं. लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटी मी घराघरांतून गोळा केल्या. आमच्याकडच्या पावसात कॅसेटींना पांढरी बुरशी धरते. ज्या चालल्या, त्यांत नवऱ्याचे मामा नाचतायत आणि वर सिनेमाचं गाणं चिकटवलेलं आहे. त्या काळच्या व्हिडिओवाल्यांना खरा आवाज ठेवायची लाज वाटायची की काय, देव जाणे. तो टीव्ही दुरुस्तीवाला वारला, त्याच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. आणि लोकांच्या खिशात फोन आले तोवर दादाचा हात गेला होता. म्हणजे जे काही शिल्लक होतं ते त्या डब्यात होतं.

दादाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तो मला अंगणात बाजूला घेऊन म्हणाला, "पोरीच्या हळदीला माजा हात वाजला पायजे. तेवढं कर."

मी म्हटलं, "एवढंच ना? करतो की."

हे 'करतो की' मला फार महागात पडलं. मी खालापूरच्या बाजूला एका कारखान्यात मीटर आणि कंट्रोल पॅनेलची देखभाल करतो. सुट्टीच्या दिवशी कर्जतच्या घरी जुने कॉम्प्युटर उघडून बसतो. बायको याला भंगारात जीव रमवणं म्हणते, आणि ते बरोबरच आहे. पण त्यामुळे घरात सगळे मला मोठा तज्ज्ञ समजतात, आणि कुणी समजायला लागलं की मलाही ते खरं वाटायला लागतं.

डबा घरी आणून वीज दिली. दिवा लागला. पॅड जोडून काठी मारली तर स्पीकरमधून नुसतं 'फस्स' झालं. मला फारशी काळजी वाटली नाही. डब्याचं सर्किट गेलं असेल, चिपांमधला आवाज काढून घेतला की झालं, असा माझा हिशेब. चिपांमधून वाचायचं कसं, ते नेटवर एका हौशी माणसानं नीट लिहून ठेवलं होतं. एक छोटा मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड, थोड्या वायरी, चिप बसवायचा सॉकेट. काम साधंच. चिपेला एका जागेचा नंबर द्यायचा, त्या जागी काय साठवलंय ते ती सांगते, मग पुढचा नंबर. असं शेवटपर्यंत विचारत जायचं आणि उत्तरं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. आवाज म्हणजे शेवटी आकड्यांची रांगच असते.

दादा त्या दिवशी मुद्दाम कर्जतला आला होता. मी त्याच्यासमोर डब्याचं झाकण उघडलं आणि जरा चरकलो. या जुन्या चिपांच्या पाठीवर एक गोल काचेची खिडकी असते. त्या खिडकीतून विशिष्ट प्रकाश, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट, आत सोडला की चिप कोरी होते आणि पुन्हा भरता येते. म्हणून एकदा भरली की खिडकीवर काळी पट्टी चिकटवायची असते. या आठांपैकी एकीवरही पट्टी नव्हती. काचा लखलखत होत्या आणि प्रत्येक काचेच्या शेजारी कुंकवाचं एकेक बोट होतं.

"दादा, यावरच्या पट्ट्या कुठे गेल्या?"

"दमटानं चिकट झाल्या व्हत्या रं. रॉकेलनं पुसून काढल्या. कसं आरशागत झालंय बघ."

"कधी वाजवून बघितलंस का?"

"नाय बा. पूजा करायचो फकस्त. ऐकायचा धीर नाय झाला."

मी मान डोलावली. खिडकी उघडी असली तरी घरातल्या उजेडात अशा चिपा वर्षानुवर्षं टिकतात, हे मला माहीत होतं. त्या ज्ञानाला घट्ट धरून मी पहिली चिप सॉकेटमध्ये बसवली.

पडद्यावर एफ एफ, एफ एफ, एफ एफ असं उमटत गेलं. कोऱ्या चिपेतून असंच येतं, सगळ्या जागी एकच उत्तर. दुसरी चिप, तेच. तिसरी, तेच. दादा खुर्ची ओढून माझ्या खांद्यावरून बघत होता. "भरपूर हाय की रं आत," तो खूश होऊन म्हणाला. मी त्याला काही सांगितलं नाही. माझंच काहीतरी चुकलं असेल म्हणून वायरी तपासतोय, असं सांगून त्याला चहा पाजला आणि रिक्षात बसवून दिलं.

मला खरंच वाटत होतं की चूक माझी आहे. तसं वाटून घेण्यात केवढं सुख होतं ते मला आता कळतंय. खात्री करायला मी चौक गावाला गेलो. जुन्या हायवेवर, गॅरेजांच्या रांगेत एक भंगारवाला आहे, तो जुने सर्किट बोर्ड किलोनं विकतो. त्याच्या ढिगातून तशीच खिडकीची एक चिप निवडली. तेलानं माखलेली, दोन पाय वाकडे, पाठीवर कसल्यातरी कंपनीचं मळकं लेबल. घरी येऊन पाय सरळ केले, सॉकेटमध्ये बसवली आणि वाचली. तिच्यात सगळं होतं. कुठल्यातरी वजनकाट्याचा प्रोग्राम, पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत जसाच्या तसा. वाहन पुढे घ्या, थांबा, अशा अर्थाचे इंग्रजी शब्दसुद्धा वाचता येत होते.

मला इतका राग आला की ती चिप मी खिडकीबाहेर भिरकावून दिली. ट्रकच्या तेलात लोळणारं, कुणाला नको असलेलं ते वजनकाट्याचं बाड शाबूत, आणि ज्याला देव्हाऱ्याशेजारी ठेवलं त्यातलं सगळं साफ. माझा बोर्ड ठीक होता, वायरी ठीक होत्या. कोऱ्या होत्या त्या चिपाच.

त्यानंतर मी हरलेल्या माणसासारखा हट्टाला पेटलो. चिप पुरती पुसली गेली नसेल तर तिला नेहमीपेक्षा कमी व्होल्टेज देऊन वाचावी, म्हणजे फिकट झालेलं थोडंफार हाती लागतं, असं नेटवरचे हौशी लोक सांगतात. मी व्होल्टेज उतरवत गेलो. सात चिपांनी काहीच दिलं नाही. आठवी डब्याच्या कोपऱ्यात, ट्रान्सफॉर्मरच्या आडोशाला बसवलेली होती. तिच्यातून एफ एफच्या मधेमधे दुसरे आकडे यायला लागले. मी ते आवाजात बदलून हेडफोन कानाला लावला. मोठी खरखर, आणि त्या खरखरीच्या तळाशी एक ठोका. बंद दाराआडून कुणी हाक मारावी तेवढाच. पण ठोकाच होता तो.

मी बोर्ड, लॅपटॉप, चिपा सगळं पिशवीत भरून गावी गेलो. नको होतं जायला. पण मला राहवलं नाही.

नवरात्र चालू होतं. वहिनीनं गोधड्या, उशा, धान्याच्या पाट्या अंगणात मांडल्या होत्या. आमच्याकडे पाऊस सरला की सगळ्या घराला ऊन दाखवतात, नाहीतर वर्षभर कुबट वास जात नाही. दादा ओटीवर बसला होता. मी त्याच्या कानाला हेडफोन लावला आणि तो ठोका ऐकवला. त्यानं डोळे मिटले. पुन्हा ऐकव म्हणाला. मी पुन्हा ऐकवला. डोळे न उघडताच तो म्हणाला, "मीच हाय हा. घुमारा हाय. मनगट आत दाबलंय बघ, ह्ये दुसरं कोन नाय करत."

त्याचा चेहरा असा काही खुलला होता की मीसुद्धा येड्यासारखा हसायला लागलो.

"पण दबलाय रं आवाज," तो म्हणाला. "वल धरलीय आत. थांब, जरा ऊन दाखवू. मोकळा होईल."

आणि त्यानं डाव्या हातानं ती चिप उचलली आणि अंगणाकडे चालायला लागला.

"दादा! नको!" मी केवढ्यानं ओरडलो ते मला वहिनी आतून धावत आली तेव्हा समजलं. दादा पायरीवर थबकला होता. चिप तळहातावर, काच वर.

"का रं? काय झालं?"

"ऊन नको लावू त्याला. उन्हानं पुसतं ते."

"काय पुसतं?"

"आतलं. आवाज. त्या काचेतून ऊन गेलं की आतलं सगळं पुसून जातं."

दादा माझ्याकडे बघत राहिला. मग अंगणातल्या गोधड्यांकडे बघितलं. मग परत माझ्याकडे. "घट बसले की दसऱ्यापत्तूर रोज ठेवतो मी उन्हात," तो म्हणाला. "झाकान काढून. दरसाल. वल लागू नये म्हनून."

मला हे माहीत नव्हतं. दसऱ्याला माझी कारखान्यात पूजा असते, मी गावी नसतो.

"सावली आली का उचलून फुडं सरकवायचो," दादा म्हणाला. "डाव्या हातानं. जड हाय डबा. पर सरकवायचो."

वहिनी म्हणाली, "अवो, तुमाला काय ठाव व्हतं." तो तिच्याकडे वळलासुद्धा नाही. परत आला, चिप काच खाली करून हळूच लॅपटॉपशेजारी ठेवली आणि तिच्यावर माझा रुमाल टाकला. मला त्या रुमालाचा फार त्रास झाला. ओरडला असता, मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी कर्जतला येऊन त्या आठव्या चिपेवर सगळे प्रयोग केले. पुन्हा पुन्हा वाचली, प्रत्येक वेळचे आकडे एकमेकांशी ताडून बघितले, खरखर गाळायचे जेवढे म्हणून उपाय माहीत होते तेवढे केले. खरखर कमी केली की ठोकाही जायचा. ठोका वाढवला की मोठ्या स्पीकरवर नुसतं भजी तळल्यासारखं ऐकू यायचं. आणि एकट्या घुमाऱ्यावर हळद कशी वाजणार? बाकीचे सात कुठून आणणार? शेवटी मी बोर्ड खोक्यात टाकून दिला. बायकोनं जेवायला हाक मारली तर तिच्यावर खेकसलो. तिनं ताट झाकून ठेवलं.

दादाला फोन करून सांगितलं, होत नाही. तो म्हणाला, "पोरीला सांगून बसलोय रं मी. तिच्या सासरच्यांना पन तिनं सांगितलंय, माजे बाबा वाजनार हायेत म्हनून."

"मग काय करू सांग."

"दुसऱ्या कुनाचा टाक."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कुणाचा?"

"कुनाचा बी. ढोलकीच हाय ना. नव्या चिपा भर आन डब्यात बसव. पर मला ऐकवू नको आदी. हळदीलाच ऐकीन."

मी ते केलं. नेटवर ढोलकीचे सुटे ठोके मिळतात, कुणी वाजवलेत त्याचा पत्ता नसतो. आठ निवडले, आठ कोऱ्या चिपांत भरले, खिडक्यांवर काळ्या पट्ट्या चिकटवल्या, डब्याचं सर्किट दुरुस्त केलं. सगळं पहिल्या फटक्यात चाललं. इतकं सरळ काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि ते करताना मला रडू येत होतं.

हळदीच्या संध्याकाळी मांडवात बेंजो लागला. पॅडवाल्यानं दादाच्या पाया पडून काठ्या उचलल्या. तो पट्टीचा वाजवणारा, त्यानं पहिल्याच फेकीत असा ठेका धरला की बायका जेवणाच्या पंगतीतून उठून आल्या. एक म्हातारा मांडवाच्या खांबाला धरून ओरडला, "आयला, ह्यो हात! दादाचा हात तो दादाचाच हात!" पार्टीतले दादाचे जुने जोडीदार माना हलवत होते. वर्षानुवर्षं त्याच्या मांडीला मांडी लावून वाजवलेली माणसं ती. एकालाही शंका आली नाही. मी एकेकाचा चेहरा निरखत होतो. कुणाला तरी कळावं असं मला वाटत होतं, आणि कुणाला कळेल म्हणून भीतीही वाटत होती.

दादाची मुलगी हळदीनं माखलेली, पाटावरून उठली आणि दादाजवळ आली. "बाबा, मला आठवतंय," ती म्हणाली. "मी लहान व्हते ना, तवा असाच वाजायचा. अगदी असाच." तिनं आपल्या गालावरची हळद काढून त्याच्या उजव्या हाताला लावली, बोटाबोटाला, आणि तिथेच रडायला लागली. आजूबाजूच्या बायकांनीही डोळ्यांना पदर लावले. दादा डाव्या हातानं तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला. मग मैत्रिणींनी तिला ओढून नाचायला नेलं.

मी दादाशेजारी खुर्चीवर जाऊन बसलो. पॅडवाला रंगात आला होता, त्यामुळे बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागत होतं.

"कुनाचा हात हाय रं?" दादानं विचारलं.

"माहीत नाही. नाव नव्हतं."

त्यानं थोडा वेळ ऐकलं. "बरा हाय," तो म्हणाला.

मग नाचणाऱ्या मुलीकडे बघत, माझ्याकडे न वळता म्हणाला, "पोरीला पन नाय कळलं रं."